बाकेरोचा पाय

वेम्ब्लीच्या मैदानावर २० मे १९९२ च्या रात्री मारलेल्या त्या फ्री किकचे चित्रण मी आजवर किती वेळा पाहिले असेल, याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला आहे. बार्सिलोना आणि साम्पदोरिया यांच्यातील, युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन चषकाचा तो अंतिम सामना होता; नव्वद मिनिटे गोलाविना गेली होती, जादा वेळेतलीही आठच मिनिटे उरली होती, आणि साम्पदोरियाच्या पेनल्टी क्षेत्राबाहेर बार्सिलोनाला फ्री किक मिळाली होती. त्या दिवशी बार्सिलोनाचा संघ आपल्या नेहमीच्या निळ्या-किरमिजी पट्ट्यांऐवजी नारिंगी शर्ट घालून खेळत होता. चेंडूजवळ तिघे उभे राहिले. ख्रिस्तो स्टॉइचकोव्हने तो हलकेच बाजूला सरकवला, होसे मारी बाकेरोने पायाखाली धरून थांबवला, आणि मागून धावत आलेल्या रोनाल्ड कूमनने तो उजव्या पायाने असा हाणला की, अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंना चुकवून, झेपावलेल्या गोलरक्षक पाल्युकाच्या हाताला न लागता तो जमिनीलगत जाळ्यात शिरला. १९६१ मध्ये बर्नला आणि १९८६ मध्ये सेव्हियाला अंतिम सामना हरलेल्या बार्सिलोनाने त्या एका फटक्यावर पहिला युरोपियन चषक जिंकला.

कित्येक वर्षे मला त्या चित्रणात फक्त कूमनच दिसत असे. पुढे वय वाढले, बघण्याची सवय बदलली, आणि मग एके दिवशी बाकेरोच्या पायाकडे लक्ष गेले. तो पाय चेंडूवर क्षणभर टेकतो आणि तितक्याच चपळाईने बाजूला होतो. चेंडू थोडा जरी लोळत राहिला असता, तरी तसा फटका बसला नसता. ज्याने चेंडू थांबवला त्याचे नाव आज किती जणांना आठवते? कूमनच्या साऱ्या कारकिर्दीकडे मी आता याच दोन पायांच्या खुणेने पाहतो, कारण खेळाडू म्हणून आयुष्यभर फटका मारणारा हा माणूस प्रशिक्षक झाल्यावर बहुतेक वेळा चेंडू थांबवून देणाऱ्याच्या जागी उभा राहिला, असे मला मनापासून वाटते.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमीतालमीचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे शहर तिकडे लोटते. मी शाळा-कॉलेजच्या वयात आमच्या पेठेच्या दुय्यम संघातून स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळत असे. त्या जागेवर खेळणाऱ्याला आमच्या वस्तादांची एकच शिकवण होती: “बॉल आला की हाण बाहीर, इचार नगं करूस.” बचावपटूने विचार करणे हा गुन्हा समजला जाण्याच्या त्या दिवसांत, १९९० च्या जूनमध्ये, मध्यरात्र उलटून गेल्यावर दूरदर्शनवर मी हॉलंड विरुद्ध पश्चिम जर्मनी हा मिलानमधील विश्वचषकाचा सामना पाहिला. रायकार्ड आणि फोलर यांच्यातील थुंकण्याच्या प्रकरणामुळे तो सामना कुप्रसिद्ध आहे, आणि हॉलंड तो २-१ असा हरले. माझ्या डोक्यात मात्र वेगळेच काही रुतून बसले. पिवळसर केसांचा, चेहऱ्याने शाळकरी वाटणारा एक धिप्पाड बॅक आपल्याच गोलसमोर चेंडू पायात घेऊन उभा राहत होता, मान वर करून साऱ्या मैदानाकडे पाहत होता आणि मग चाळीस-पन्नास यार्डांवरच्या साथीदाराच्या पायात चेंडू नेऊन ठेवत होता. तो विचार करीत होता! शेवटी पेनल्टीवर हॉलंडचा एकमेव गोल केला तोही त्यानेच.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खेळाडू कूमनला मी एकेरीतच संबोधणार, कारण लहानपणच्या नायकाला अहोजाहो करणे जिभेला जमत नाही. प्रशिक्षक कूमन मात्र माझ्यासाठी ‘ते’ आहेत. मधली सीमारेषा कुठे येते ते वाचकाला कळेलच.

त्याचा जन्म २१ मार्च १९६३ चा, अॅमस्टरडॅमजवळच्या झान्डाम गावचा. वाढला मात्र उत्तरेकडच्या ग्रोनिंगेन शहरात. वडील मार्टिन कूमन हे स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू, राष्ट्रीय संघातून एक सामना खेळलेले. दीड वर्षाने मोठा भाऊ एर्विन हाही त्याच वाटेवर. सतराव्या वर्षी रोनाल्ड ग्रोनिंगेनच्या पहिल्या संघात उतरला आणि तीन हंगामांत त्याने तेहतीस लीग गोल केले. बचावपटूच्या नावापुढे हा आकडा पाहून माणूस चमकतो, पण पुढचा हिशेब पाहिला की ही नुसती सुरुवात होती हे कळते. क्लबांसाठीच्या लीग सामन्यांत त्याचे एकूण १९३ गोल आहेत, राष्ट्रीय संघातून ७८ सामन्यांत १४. फ्री किक आणि पेनल्टी त्याच्याकडे असत म्हणून हे आकडे फुगले, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांना मी इतकेच सांगेन की, संघ त्या किका उगाच कुणाच्या हवाली करीत नाही.

अयाक्ससाठी तो तीन वर्षे खेळला, एक लीग आणि एक डच चषक जिंकला, आणि १९८६ मध्ये थेट आइंडहोवेनच्या पीएसव्हीत गेला. अॅमस्टरडॅम सोडून आइंडहोवेनला जाणे, आणि पुढे कारकिर्दीच्या शेवटी रॉटरडॅमच्या फेयेनूर्डला जाणे, हे डच माणसांच्या दृष्टीने साधे स्थलांतर नव्हे. हे तीन क्लब म्हणजे एकमेकांची तोंडे न पाहणारी तीन घराणी. या तिन्ही क्लबांतून खेळलेला आणि पुढे तिन्हींचा प्रशिक्षक झालेला माणूस एकच, तो म्हणजे कूमन. कोल्हापुरातल्या एका पेठेच्या खेळाडूने दुसऱ्या पेठेचा शर्ट घातला तर गल्लीत काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून याचे मला जरा अधिकच अप्रूप वाटते.

मग १९८८ हे साल आले. असे वर्ष फार थोड्या घरांच्या वाट्याला येते. पीएसव्हीने गुस हिडिंक यांच्या हाताखाली लीग जिंकली, डच चषक जिंकला आणि युरोपियन चषकही जिंकला. गंमत अशी की, उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे एकही सामना न जिंकता त्यांनी तो मिळवला: बोर्दोशी दोनदा बरोबरी, रेआल माद्रिदशी दोनदा बरोबरी, आणि २५ मे रोजी श्टुटगार्टला बेन्फिकाशी गोलशून्य बरोबरी. पेनल्टींवर ६-५ असा निकाल लागला. पीएसव्हीची पहिली पेनल्टी कूमनची होती आणि बेन्फिकाची शेवटची व्हॅन ब्रोइकेलेनने अडवली. त्या हंगामात लीगमध्ये या बचावपटूने २१ गोल केले होते. त्याच वसंतात एर्विन बेल्जियमच्या मेखेलेन क्लबातून खेळत होता, आणि त्या क्लबाने श्ट्रासबुर्गला अयाक्सला हरवून युरोपियन चषकविजेत्यांचा चषक पटकावला. महिन्याभराने दोघे भाऊ राष्ट्रीय संघात एकत्र होते, आणि २५ जून रोजी म्युनिकला सोव्हिएत संघाला २-० असे हरवून हॉलंडने युरोपचे अजिंक्यपद मिळवले. गुलिटने डोक्याने मारलेल्या पहिल्या गोलची सुरुवात एर्विनच्या क्रॉसने झाली होती. व्हॅन बास्टेनचा दुसरा गोल साऱ्या जगाला पाठ आहे.

त्या स्पर्धेतल्या एका गोष्टीबद्दल लिहिणे मला टाळता येणार नाही. हँबुर्गला पश्चिम जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मातेउसच्या पेनल्टीने जर्मनी पुढे होती. कूमनने पेनल्टीवरच बरोबरी साधली आणि सामना संपता संपता व्हॅन बास्टेनने विजयी गोल केला. सामना संपल्यावर कूमनने ओलाफ टोनशी शर्ट बदलला आणि तो जर्मन शर्ट आपल्या पार्श्वभागावरून फिरवून पुसल्यासारखे केले, तेही डच प्रेक्षकांसमोर. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात म्युनिकला जर्मनांकडून झालेल्या पराभवाची आणि त्याच्याही मागे युद्धातल्या पाच वर्षांच्या जर्मन ताब्याची सल डच मनात किती खोल होती, हे मी वाचले आहे आणि मला समजते. तरीही ते कृत्य वाईटच होते. प्रतिस्पर्ध्याने विश्वासाने दिलेल्या शर्टाची अशी विटंबना करणारा खेळाडू माझा आवडता आहे, ही गोष्ट मी मान्य करतो आणि तिचे समर्थन मात्र करीत नाही.

१९८९ मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक योहान क्रायफ यांनी त्याला तिकडे आणले. तिथले लोक त्याला चित्रकथेतल्या पोरावरून टिनटिन म्हणू लागले, आणि त्याचा चेहरा आठवला की त्यांना दोष देता येत नाही. त्या काळी संघात एका वेळी तीनच परदेशी खेळाडू खेळवता येत. त्या तीन जागांतली एक जागा, जी बहुतेक क्लब एखाद्या आघाडीपटूसाठी राखून ठेवत, ती क्रायफ यांनी धावण्यात मंद असलेल्या एका बॅकला दिली. त्यांची दृष्टी इथे कळते. संथ बॅकच्या मागे मोकळी जागा राहिली तर तो उघडा पडतो, हे कुणालाही कळते. आमच्या वस्तादांनाही कळत असे, म्हणून तर ते आम्हाला गोलच्या पुढ्यात उभे करून ठेवत. क्रायफ यांनी उलटे गणित मांडले. संघ जर चेंडू स्वतःकडेच ठेवणार असेल, तर सर्वांत मागे उभा असलेला खेळाडू हा सर्वांत जास्त मैदान समोर दिसणारा खेळाडू असतो. मग ज्याला इतके दिसते त्याला पासही तितकाच चांगला देता आला पाहिजे, आणि धावणे ही त्यानंतरची बाब झाली. कूमनचा तो तिरका लांब पास, मैदानाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेच्या खेळाडूच्या पावलात जाऊन पडणारा, हे त्या संघाचे पहिले वाक्य असे.

त्याच्या पुढे मध्यभागी एक हडकुळा मुलगा खेळू लागला होता, पेप ग्वार्दिओला. वेम्ब्लीच्या रात्री तो एकवीस वर्षांचा होता. तो संघ १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षे स्पेनची लीग जिंकला. वेम्ब्लीला खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी क्रायफ यांनी त्यांना इतकेच सांगितले होते की, बाहेर जा आणि आनंद घ्या. कूमनच्या गोलनंतर, चषक स्वीकारायला जाताना खेळाडूंनी नारिंगी शर्टांवर आपले खरे निळे-किरमिजी शर्ट चढवले, हे दृश्य मला फार आवडते. घरचे कपडे घालून देवाच्या पाया पडायला जावे तसे ते वाटते.

बचावपटूच्या नशिबाची दुसरी बाजूही त्याने दाखवली. १३ ऑक्टोबर १९९३ रोजी रॉटरडॅमला विश्वचषकाच्या पात्रतेसाठी हॉलंड आणि इंग्लंड यांचा सामना होता. गोल झालेला नव्हता. इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट एकटा गोलकडे निघाला आणि मागे पडलेल्या कूमनने त्याला धरून खाली ओढले. आजच्या नियमाने आणि त्या दिवसाच्याही नियमाने तो बाहेर जायला हवा होता. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. काही मिनिटांनी दुसऱ्या टोकाला हॉलंडला फ्री किक मिळाली; पहिला फटका इंग्लंडच्या खेळाडूने पुढे धावून अडवला, पंचांनी किक पुन्हा घ्यायला लावली, आणि या वेळी कूमनने आपला नेहमीचा तोफगोळा न डागता चेंडू हळुवार उचलून भिंतीवरून गोलरक्षक सीमनच्या बाजूने आत सोडला. नंतर बर्गकॅम्पने दुसरा गोल केला आणि इंग्लंड त्या विश्वचषकाला मुकले. इंग्लंडचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर मैदानाच्या कडेने अधिकाऱ्याला सांगत होते की पंचांनी माझी नोकरी घालवली, आणि खरोखरच ती गेली. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आज तो सामना पाहताना माझी नजर प्लॅटच्या खांद्यावरच्या त्या हातावर जाते. एका पावलाने मागे पडलेला बॅक काय करतो, हे मला आतून माहीत आहे.

त्यानंतरच्या मे महिन्यात, अथेन्सला, युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात मिलानने बार्सिलोनाचा ४-० असा धुव्वा उडवला. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता हे दोन मुख्य बचावपटू खेळणार नव्हते आणि सारे जग बार्सिलोनाला विजेता ठरवून बसले होते. त्याच स्पर्धेत आठ गोल करून कूमन सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. मिलानच्या साविचेविचने गोलरक्षक झुबिझारेटाच्या डोक्यावरून चेंडू उचलून टाकला तेव्हा त्या संघाचे पर्व संपले. कूमन आणखी एक हंगाम राहिला, मग दोन वर्षे फेयेनूर्डला खेळला आणि १९९७ मध्ये थांबला.

इथून पुढे ‘ते’.

१९९८ च्या विश्वचषकात ते हिडिंक यांचे सहायक होते. नंतर बार्सिलोनात लुई व्हॅन गाल यांच्या हाताखाली राहिले, व्हितेसचा संघ सांभाळला, आणि डिसेंबर २००१ मध्ये अयाक्सचे प्रशिक्षक झाले. त्याच हंगामात लीग आणि चषक, २००४ मध्ये पुन्हा लीग. इब्राहिमोविच, व्हॅन डर व्हार्ट, स्नायडर या पोरसवदा मुलांचा तो संघ २००३ मध्ये युरोपच्या उपांत्यपूर्व फेरीत मिलानच्या मैदानावर अगदी शेवटच्या क्षणापर्यंत टिकला होता आणि भरपाई वेळेतल्या गोलने हरला. पुढे तांत्रिक संचालक म्हणून आलेल्या व्हॅन गाल यांच्याशी त्यांचे जमले नाही. २००५ मध्ये ते अयाक्समधून बाहेर पडले आणि बेन्फिकाला गेले, जिथे त्यांनी त्या वेळच्या युरोपविजेत्या लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत हरवले.

२००६-०७ चा पीएसव्हीचा हंगाम मात्र सांगितलाच पाहिजे. मोठी आघाडी हातची घालवून कूमन यांचा संघ शेवटच्या दिवशी अयाक्स आणि एझेड यांच्याशी गुणांवर बरोबरीत आला होता, आणि गोलफरकात तिघांत शेवटचा होता. २९ एप्रिल २००७ रोजी तीन मैदानांवर तीन सामने एकाच वेळी सुरू झाले. एझेड चक्क एक्सेल्सिओरकडून हरले, अयाक्स २-० असे जिंकले, आणि पीएसव्हीने व्हितेसला ५-१ असे हरवले. पाचवा गोल कोकूचा. एका गोलच्या फरकाने, फक्त एका गोलच्या, ते विजेते ठरले.

व्हॅलेन्सियाबद्दल लिहिताना माझे मन कचरते. २००७ च्या नोव्हेंबरात ते तिथे गेले आणि डिसेंबरात कान्यिझारेस, आल्बेल्दा आणि आंगुलो या तीन जुन्या, प्रेक्षकांच्या लाडक्या खेळाडूंना त्यांनी संघाबाहेर केले. आल्बेल्दाने क्लबला न्यायालयात खेचले. संघ लीगमध्ये घसरत घसरत तळाच्या जवळ आला, आणि तरी १६ एप्रिल २००८ रोजी त्याच संघाने स्पेनचा राजचषक जिंकला. पाचच दिवसांनी प्रशिक्षकांना काढण्यात आले. चषक हातात आणि नोकरी नाही, असे दृश्य फुटबॉलमध्येही विरळा आहे. माझे मत असे की, भरल्या घरात कूमन यांचा हात चालत नाही. जिथे सत्तास्थाने ठरलेली आहेत, जिथे जुनी माणसे आपापल्या खुर्च्यांवर घट्ट बसली आहेत, तिथे ते समजूत घालण्यापेक्षा घाव घालतात. एझेडमध्ये ते काही महिनेच टिकले. आदल्याच वर्षी व्हॅन गाल यांनी तो संघ विजेता केला होता. नंतर इंग्लंडमध्ये एव्हर्टनने त्यांना नवे खेळाडू घ्यायला खोऱ्याने पैसा दिला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांना निरोपही दिला.

पडके घर मिळाले की हाच माणूस निराळा होतो. २०१० च्या ऑक्टोबरात फेयेनूर्ड पीएसव्हीकडून १०-० असे हरले होते. तिजोरीत खडखडाट होता, विकत घ्यायला पैसे नव्हते, होती ती स्वतःच्या प्रबोधिनीतली मुले. २०११ मध्ये कूमन तिथे गेले आणि पुढच्या तीन हंगामांत फेयेनूर्ड दुसरे, तिसरे आणि पुन्हा दुसरे आले. स्टेफान डी व्राय, ब्रुनो मार्टिन्स इंडी, जोर्डी क्लासी ही त्यांच्या हाताखालची मुले. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात हॉलंडने स्पेनला ५-१ असे हरवले, तेव्हा पाचांतला एक गोल डी व्रायचा होता आणि बाकावर व्हॅन गाल बसले होते. कूमन यांनी चेंडू थांबवला आणि दुसऱ्याने तो मारला, असे मी म्हणतो ते यासाठी. त्यानंतर राष्ट्रीय संघाचे पद आपल्याला मिळेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. संघटनेने हिडिंक यांना निवडले.

ते साउथॅम्प्टनला गेले. तिथे पोहोचेपर्यंत घर रिकामे होऊ लागले होते: लालाना, लॅम्बर्ट आणि लव्हरेन लिव्हरपूलला, ल्यूक शॉ मँचेस्टर युनायटेडला, चेम्बर्स आर्सेनलला. तेव्हा त्यांनी सरावाच्या ओस मैदानाचे एक छायाचित्र ट्विटरवर टाकले आणि खाली लिहिले की आम्ही सरावाला तयार आहोत. हिरवेगार गवत, आणि माणूस एकही नाही. ते छायाचित्र मला आजही कूमन यांच्या प्रशिक्षकपणाचे सर्वांत खरे चित्र वाटते. त्या ओस मैदानावर त्यांनी माने, तादिच, पेले अशी माणसे आणून उभी केली, भाऊ एर्विनला मदतीला घेतले, आणि साउथॅम्प्टन सातवे व पुढच्या वर्षी सहावे आले. २०१५ मध्ये त्यांनी सेल्टिकमधून एक उंच, शांत डच बचावपटू आणला. त्याचे नाव व्हर्जिल व्हॅन डाइक. चेंडू पायात घेऊन मान वर करणारा, तिरका लांब पास दुसऱ्या कडेला नेऊन ठेवणारा बॅक! व्हॅन डाइकच्या कीर्तीचा मोठा वाटा पुढे लिव्हरपूलला आणि तिथले प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांना मिळाला, आणि तो योग्यच आहे. पण त्याला त्या लीगमध्ये आणून उभे करणारा डोळा एका जुन्या बॅकचा होता.

२०१८ च्या फेब्रुवारीत अखेर त्यांना राष्ट्रीय संघ मिळाला, तोही पडका. हॉलंड २०१६ ची युरो आणि २०१८ चा विश्वचषक, दोन्हींना पात्र ठरलेले नव्हते. त्यांनी व्हॅन डाइकला कर्णधार केले. त्याच वर्षी युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या नेशन्स लीगमध्ये जर्मनीला ३-० आणि विश्वविजेत्या फ्रान्सला २-० असे हरवले. गेल्सेनकिर्शेनला जर्मनीविरुद्धच्या परतीच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत ०-२ अशा पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल केला तो पुढे धाडलेल्या व्हॅन डाइकने. बचावपटूने शेवटच्या क्षणी गोल करावा, ही गोष्ट त्या बाकावर बसलेल्या माणसाला नवी नव्हती.

मे २०२० मध्ये सायकलवरून फिरून आल्यावर त्यांच्या छातीत दुखू लागले आणि अॅमस्टरडॅमच्या रुग्णालयात हृदयावर उपचार करावे लागले. तीन महिन्यांनी त्यांनी बार्सिलोनाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. हे मला त्या वेळीही समजले नव्हते आणि आजही पूर्ण समजलेले नाही. क्लब नुकताच बायर्नकडून ८-२ असा हरला होता, कर्जाचा डोंगर होता, अध्यक्ष जाण्याच्या मार्गावर होता, आणि नवे प्रशिक्षक येऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच मेस्सीने क्लब सोडण्याची इच्छा लेखी कळवली. पण वेम्ब्लीचा गोल केलेल्या माणसाला त्या घराने हाक मारल्यावर तो नाही कसा म्हणणार? साठीला आलेला माणूसही माहेरच्या हाकेला हृदयाच्या डॉक्टरांचे ऐकत नाही.

त्यांनी तिथे काय केले, हे त्या वर्षीच्या गदारोळात नीट पाहिले गेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये आथलेटिक बिल्बाओला ४-० असे हरवून राजचषक जिंकला, मेस्सीचा बार्सिलोनातला शेवटचा चषक. पेद्री हा सतरा वर्षांचा मुलगा लास पाल्मासहून आला होता. त्याला त्यांनी एकाच हंगामात ५२ सामन्यांत उतरवले. आराउहोला बचावात पक्के केले. पुढच्या ऑगस्टमध्ये मेस्सी पॅरिसला निघून गेला, आणि त्याच महिन्यात सतरा वर्षांच्या गावीला कूमन यांनी पहिल्यांदा मैदानात आणले. संघ मात्र हरत होता: बायर्नकडून ०-३, बेन्फिकाकडून ०-३. ग्रॅनाडाविरुद्ध तर सारा संघ लांबून क्रॉस मारत राहिला, आणि क्रायफ यांच्या शिष्याने हे करावे म्हणून लोक चवताळले. मलाही ते पाहवत नव्हते. नंतरच्या पत्रकार परिषदेत त्यांनी कागदावरून एक निवेदन वाचले, या मुलांना वेळ द्या असे त्यात म्हटले, आणि एकही प्रश्न न घेता उठून गेले. ऑक्टोबरात रेआल माद्रिदकडून हरल्यावर बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानाबाहेर त्यांच्या गाडीभोवती जमलेल्या लोकांनी गाडीवर हात आपटले, शिव्या दिल्या. काचेआडचा तो चेहरा पाहताना माझ्या घशात आवंढा आला. ज्याच्या एका फटक्यामुळे त्या क्लबाला पहिला युरोपियन चषक लाभला, त्याची गाडी अडवणाऱ्यांत कित्येक जण १९९२ नंतर जन्मलेले होते.

तीन दिवसांनी रायो व्हायेकानोकडून एका गोलने हरल्यावर त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी क्लबचे जुने खेळाडू चावी एर्नान्देझ आले, आणि २०२३ मध्ये बार्सिलोनाने लीग जिंकली. त्या संघाच्या मध्यभागी पेद्री आणि गावी होते, मागे आराउहो होता. चावी यांचे श्रेय मी कमी करीत नाही. मी फक्त चित्रण थोडे मागे नेऊन पुन्हा पाहतो.

२०२३ मध्ये व्हॅन गाल यांच्यानंतर कूमन पुन्हा राष्ट्रीय संघाकडे आले. पहिलाच सामना पॅरिसला फ्रान्सकडून ४-० असा हरले, नेशन्स लीगमध्ये चौथे आले, टीका झाली. २०२४ च्या युरोत ऑस्ट्रियाकडून हरूनही संघ पुढे सरकत राहिला. बर्लिनला तुर्कस्तानविरुद्ध पिछाडीवर असताना डी व्रायने डोक्याने गोल करून बरोबरी साधली आणि हॉलंड उपांत्य फेरीत पोहोचले. फेयेनूर्डच्या त्या कंगाल दिवसांतला डी व्राय आता बत्तीस वर्षांचा होता.

१० जुलै २०२४, डॉर्टमुंड, समोर इंग्लंड. हॉलंडच्या शावी सिमोन्सने सातव्या मिनिटाला गोल केला, इंग्लंडच्या केनने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि नव्वद मिनिटे संपत आली तेव्हा सारे जण जादा वेळेची तयारी करीत होते. पामरने पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या बाजूला वॉटकिन्सकडे चेंडू दिला. डी व्राय त्याच्या पाठीला चिकटून होता. जागा बरोबर, अंतर बरोबर. वॉटकिन्स चेंडूसह गर्रकन वळला आणि वळता वळताच त्याने मारला. डी व्रायने पाय लांब केला. चेंडू त्या पायाजवळून निसटून पलीकडच्या खांबाच्या आतल्या बाजूने जाळ्यात गेला. रॉटरडॅमला जवळजवळ एकतीस वर्षांपूर्वी एका डच बॅकने मागे पडल्यावर हात पुढे केला होता आणि तो वाचला होता. या बॅकने नियमाने पाय पुढे केला आणि तो पोहोचला नाही. मी पहाटे अडीचच्या सुमारास, अंधाऱ्या खोलीत, माझाही उजवा पाय लांब झालेला पाहिला. पडद्यावर इंग्लंडचे खेळाडू एकमेकांवर कोसळत होते, डी व्राय अजून त्याच जागी होता, आणि कडेला उभे असलेले कूमन चेंडू गेला त्या कोपऱ्याकडे पाहत होते.